निरुद्धप्रकश : सुश्रुताचे चिकित्सासूत्र आणि अर्वाचीन शल्यविद्या

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील तेराव्या अध्यायात चव्वेचाळीस क्षुद्ररोग सांगितले आहेत. त्यांत परिवर्तिका, अवपाटिका व निरुद्धप्रकश हे तीन विकार एकापाठोपाठ येतात. तिन्ही शिश्नाग्रचर्माचे होत. वातदुष्ट चर्म मण्यास घट्ट बिलगते, मूत्रमार्ग अडतो, मूत्राची धार बारीक होते आणि मणी उघडा होत नाही, हे निरुद्धप्रकशाचे लक्षण. इंग्रजी वैद्यकातील ‘फायमोसिस’ तो हाच.

या समीकरणाविषयी एक शंका मात्र संभवते. चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात या रोगावर लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची, दोन्ही तोंडे मोकळी असलेली नळी तूप लावून आत घालावी, दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी योजावी आणि अशा रीतीने स्रोत रुंद करावे, असा विधी आहे. हे स्रोत म्हणजे मूत्रनलिका मानली, तर रोग चर्माचा न ठरता मूत्रनलिकेच्या संकोचाचा ठरेल. परंतु त्याच ठिकाणी दुसरा पर्याय दिला आहे : सेवनी टाळून भेद करावा व सद्यःक्षताप्रमाणे उपचार करावा. सेवनी ही शिश्नाच्या खालच्या अंगाची शिवण. ती टाळून छेद घेण्याची सूचना चर्माच्या छेदासच लागू पडते. शिवाय संनिरुद्धगुदातही हीच क्रिया सांगितली असल्याने नळीचे प्रयोजन आकुंचित द्वार ताणण्याचे होते, असे मानणेच सयुक्तिक होय. शिशुमार व वराह यांच्या वसामज्जेचा परिषेकही चर्म मऊ करण्यासाठीच असावा.

अवपाटिकेच्या हेतूंत हाताचा आघात, मर्दन व पीडन यांबरोबर चर्म बळाने उलटविणे हेही कारण येते. विवेचनाचा सर्वांत मोलाचा भाग हाच. बळाने मागे सारलेले चर्म फाटते, जखम भरताना व्रणवस्तू तयार होते आणि मूळचे सैल चर्मही पुढे आवळते, हा क्रम आज सर्वमान्य आहे. सुश्रुताने अवपाटिकेनंतर लगेच निरुद्धप्रकश सांगितला; मात्र पहिल्यापासून दुसरा होतो असे विधान त्याने केलेले नाही, आणि ते त्याच्या पदरी घालण्याचा मोह टाळलेला बरा.

परिवर्तिकेत, म्हणजे मागे गेलेले चर्म मण्याखाली गाठीसारखे अडकून राहिले असता, तूप, स्वेद व उपनाह यांचा तीन किंवा पाच रात्री प्रयोग करून मग चर्म हळूहळू पुढे आणावे, असे तो सांगतो. हे वेळापत्रक आज स्वीकारता येणार नाही. अडकलेल्या मण्याचा रक्तपुरवठा खंडित होऊ शकतो. त्यामुळे काही तासांतच उपाय करावा लागतो. ग्रंथाचा गौरव करताना हा भेद झाकला जाऊ नये.

वाग्भटाने निरुद्धमणी या नावाने हाच विकार क्षुद्ररोगांतून काढून गुह्यरोगांत घेतला. वर्गीकरण म्हणून ते अधिक सोयीचे खरे.

युरोपात हा प्रश्न निराळ्या वाटेने गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात सुंतेचा पुरस्कार वाढला आणि तान्ह्या मुलाचे न सुटणारे चर्मही रोगच मानले जाऊ लागले. १९४९ साली डग्लस गेर्डनर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखविले की जन्मतः फारच थोड्या मुलांचे चर्म पूर्ण मागे जाते व पुढील काही वर्षांत ते आपोआप सुटते. १९६८ साली डेन्मार्कमध्ये याकोब ओस्टर यांनी शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली; तीत सतराव्या वर्षापर्यंत खरा संकोच सुमारे शेकडा एक मुलांतच उरल्याचे दिसले. बालकाचा नैसर्गिक चिकटपणा व प्रौढाचा व्रणजन्य संकोच यांतील हा विवेक सुश्रुतात स्पष्ट नाही.

प्रौढांत संकोचामुळे संभोगसमयी वेदना, चिरा व वारंवार दाह होतात. मधुमेह हे त्याचे एक ठळक कारण, आणि दीर्घकाळ दुर्लक्षिल्यास शिश्नाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. १९९० नंतर स्टेरॉइडयुक्त मलम काही आठवडे लावून चर्म हलकेच ताणण्याची रीत रूढ झाली; शस्त्रक्रिया बहुधा त्यानंतरच. क्रमाक्रमाने ताणणे आणि न साधल्यास छेद, ही सुश्रुताचीच परंपरा म्हणावयास हरकत नाही.

मराठीत मात्र या विषयाची कुचंबणाच झाली. निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली डल्हणटीकेसह संहिता मुंबईत छापली. त्या संस्कृतास कोणी अश्लील म्हटले नाही. उलट र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या मराठी उत्तरांवरून १९३४ मध्ये खटला झाला, डॉ. आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडूनही दंड झालाच. नागपुरास १९४७ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १९५४ साली श्री आयुर्वेद महाविद्यालय निघाले. एकाच शहरात एकाच विकाराची दोन नावे रूढ झाली, एक ग्रीक व एक संस्कृत. रोग्यास डॉक्टरापुढे उच्चारता येईल असे सुटसुटीत मराठी नाव मात्र अद्याप रुळलेले नाही.