आठ महिन्यांची गाडी

युरोप-अमेरिकेच्या थंड मुलुखांत मोटारीमागे जोडावयाची गाडी बाळगणारा गृहस्थ बर्फ पडू लागले की ती ताडपत्रीखाली झाकून ठेवतो, आणि वसंत उजाडेपर्यंत तिची डागडुजी व तिच्याविषयीचे वादविवाद यांवर दिवस कंठतो. परभणीकडच्या गाडीवानास हे सांगितले तर त्याला हसू येईल. गोदावरी, दुधना आणि पूर्णा यांच्या खोऱ्यांतील या काळ्या मुलुखात हिवाळा हा चाकाच्या ऐन धामधुमीचा काळ. चाक बसते ते पावसाळ्यात, आणि ते कोणाच्या इच्छेने नव्हे, मातीच्या हुकुमाने बसते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की हातभर खोल भेगाळते. मृगाचे दोन सडके पाऊस झाले की शिवारातील गाडवाट लोण्यासारखी मऊ होते, चाकावर चिखलाचे थर चढत जाऊन आऱ्यांमधील पोकळी बुजते, आणि तुंब्यापर्यंत रुतलेली गाडी काढण्यास दुसऱ्याची बैलजोडी मागून आणावी लागते. असा प्रसंग एकदा ओढवला की शहाणा कुणबी हस्ताचा पाऊस सरेपर्यंत गाडीचे नाव काढीत नसे.

परभणी प्रांताच्या दळणवळणाचा इतिहास म्हणजे या चार महिन्यांच्या सक्तीच्या मुक्कामाचा इतिहास होय, असे मला वाटते. राजवटी बदलल्या, वाहने बदलली, वाहणारे हात बदलले. मुक्काम मात्र कोणाला ना कोणाला करावाच लागला.

गाडीच्या आधी येथे लमाणांचा तांडा होता. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य, मीठ आणि कापूस या देशातून त्या देशात नेणारे हे लोक मोगलांच्या छावण्यांना जसे हवे होते तसेच १८०३ मध्ये असईच्या रणाकडे निघालेल्या वेलस्लीच्या फौजेलाही हवे होते. ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे असे तांडे वाटेत पाहिल्याचे नमूद करून ठेवले आहे. लादलेल्या बैलाला रस्ता लागत नाही, पायवाट पुरते. परंतु भिजलेली गोणी आणि निसरडी काळी माती यांपुढे तोही लाचार होता, म्हणून पावसाळा लागताच तांडा चाऱ्याची माळराने गाठून मुक्काम ठोकी. जिंतूरच्या डोंगराळ भागात आज जे तांडे गावांच्या नावांना चिकटून उभे आहेत, त्यांची मुळे अशा मुक्कामांत शोधावी लागतात.

त्या काळी गाडी नव्हती असे नाही. पण ती आजच्या माणसाला गाडी वाटली नसती. लाकडाच्या सलग फळ्यांचे, क्वचित दगडाचेही चाक, आणि ती ओढण्यास बैलांच्या अनेक जोड्या. गावच्या शिवारातून खत बाहेर न्यावे आणि पेंढ्या खळ्यात आणाव्यात, यापलीकडे तिची मजल नव्हती. दोन बैलांनी ओढावयाची, आऱ्यांच्या चाकाची हलकी गाडी दख्खनेत पसरली ती इंग्रजी मुलुखातून. १८३६ च्या सुमारास सोलापूर प्रांतात टेंभुर्णी येथे लेफ्टनंट गेसफर्ड याने अशा सुधारलेल्या गाड्यांचा कारखाना काढला, गावोगावच्या सुतारांनी ते वाण उचलले, आणि पुढच्या पिढीत लोकांना ही गाडी वाडवडिलांपासून चालत आलेली वाटू लागली. आपण ज्याला सनातन म्हणतो त्यातील पुष्कळसे असे शे-दीडशे वर्षांचेच असते.

निजामी अमलात दिवाण पहिल्या सालारजंगाने १८६५ साली जिल्हाबंदी, म्हणजे मुलुखाची जिल्ह्यांत विभागणी, केली आणि तत्पूर्वीच्या जमीनदारी नाक्यांवरील रहदारीच्या जकाती मोडून काढण्याचा खटाटोप केला. तरीही करोडगिरीचे म्हणजे सरहद्दीवरील जकातीचे नाके पुढे कित्येक वर्षे राहिले. जिंतूरकडून वऱ्हाडात उतरणाऱ्या गाडीवानाला एका मुक्कामात दोन सरकारे आणि दोन नाणी भेटत: अलीकडे हाली शिक्का, पलीकडे कलदार. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग पुरा झाला, तेव्हा सेलू, परभणी आणि पूर्णा ही ठाणी एकदम मोठी झाली. आगगाडीने बैलगाडीचा धंदा बुडविला, असे सरधोपटपणे लिहिले जाते. बुडाला तो लमाणांचा दूरचा धंदा. बैलगाडीला उलट रोजगार मिळाला. कारण सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने स्थानकांच्या आसऱ्याने उभे राहिले आणि आसपासचा कापूस तेथपर्यंत आणून टाकण्यास गाडीवाचून दुसरे साधनच नव्हते.

आता त्या मोकळ्या महिन्यांकडे वळावे. गाडी बसली म्हणून बैल बसत नसत, ही गोष्ट शहरी लेखकांच्या ध्यानात सहसा येत नाही. पेरणी, कोळपणी आणि वखरणी यांत त्यांची मान जुवाखालून निघत नसे. पोळा येतो तो कोळपण्या सरल्यावर, श्रावणी अमावास्येला. विश्रांती असे ती केवळ गाडीची. तिची साटी उतरवून भिंतीला टेकविली जाई, आस दगडांवर चढवून चाके जमिनीवेगळी केली जात, आणि वंगणाचा नळा गोठ्यातल्या खुंटीस लटके. वंगण म्हणजे एरंडेल आणि जाळलेल्या काडाची काजळी. ते खलण्याचे काम म्हाताऱ्यांकडे असे. गाडीच्या कण्यात ते भरपूर असले तर गाडी मुकाट चालते, आणि कुरकुरणारी गाडी गावात आली की तिच्या मालकाची ऐपत घरात बसून कळे.

सुताराचे आणि लोहाराचे खरे दिवस या मोकळ्या काळाच्या दोन्ही टोकांस येत. उन्हाळ्यात बाभळीचे लाकूड सुकून आकसते आणि चाकावरची लोखंडी धाव सैल होऊन खडखडू लागते. तात्पुरता इलाज म्हणून चाके नदीच्या डोहात भिजत टाकीत, पाचरी ठोकीत, पण दोन-तीन हंगामांनी धाव नव्याने बसविण्यास गत्यंतर नसे. हा विधी ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो. लोहार चाकाचा घेर दोरीने मोजून घेई आणि धाव त्याहून किंचित तोकडी जोडी. हे ‘किंचित’ किती, ते सांगता येत नसे, त्याच्या हाताला ठाऊक असे. मग गोवऱ्यांची वर्तुळाकार रास रचून तीत धाव तापवीत. ती लाल झाली की तिघे-चौघे सांडशांनी तिला उचलून आडव्या ठेवलेल्या चाकावर आणीत, लाकूड भडकून पेटे, धुराने माणसे दिसेनाशी होत, त्या धुरातच घणाचे ठोके देऊन धाव जागेवर बसविली जाई आणि बाया-पोरे घागरींनी पाणी ओतीत. लोखंड आवळू लागे. त्या क्षणी चाकातून करकर असा आवाज निघतो: पाटे एकमेकांत घुसत असतात, आरे तुंब्यात आणखी खोल रुतत असतात. आवाज बरोबर निघाला की लोहार कपाळ पुसून मागे सरके. या कामाचे मोल रोकडीने दिले जात नसे. सुगीत खळ्यावर बलुत्याची रास मोजली जाई, आणि ज्याने वर्षभर गाडी दामटली त्यानेही तेवढेच दिले की लोहारीण चार शब्द सुनावल्यावाचून राहत नसे.

याच महिन्यांत पारावर गाडीशास्त्राचे वाद रंगत. धाव रुंद असावी की अरुंद, तुंबा बाभळीचाच हवा की दुसरे लाकूड चालेल, लांबच्या खेपेला कंधारकडचा लाल बैल बरा की देवणी. ज्याच्या दारात गाडी नाही त्याचा आवाज या सभेत सर्वांत मोठा. नवखा मालक भाबडेपणाने एक प्रश्न विचारी आणि त्याला पाच उत्तरे मिळत, त्यातली चार परस्परांना खोडून काढणारी आणि पाचवे त्याच्या बापाच्या गाडीची निंदा करणारे. ज्याला खरोखर जाणून घ्यावयाचे असे, तो मुकाट्याने सुताराच्या पडवीत जाऊन बसे.

हस्त सरला, वाटा कडक झाल्या, की चित्र पालटे. दिवाळीपासून मानवत, सेलू आणि परभणी येथील बाजारपेठांकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागे, आणि अडत्या, मापाडी व हमाल यांच्या तावडीतून सुटून परत गाव गाठावयास गाडीवानाला दोन-दोन रात्री घोंगडी पांघरून गाडीखाली काढाव्या लागत. परभणीची थंडी मराठवाड्यात ख्यातनाम आहे. पारा येथे कधी कधी पाच अंशांच्या खाली उतरतो. पुढे १९७२ साली राज्य सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली तेव्हा अडत्या गेला, रांग मात्र कायम राहिली. मार्गशीर्ष वद्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. गंगाखेड-पालमकडचे लोक बैल विकावयास, घ्यावयास किंवा नुसतेच दात मोजून भाव ऐकावयास गाड्या जुंपून तिकडे निघत. फेब्रुवारीच्या आरंभी परभणीस शाह तुराबुल हक यांचा उरूस, त्यालाही हिंदू-मुसलमान दोघांच्या गाड्या येत. आणि याच सुकाळात अंमलदारांचे दौरे निघत. वाट कोरडी असल्याशिवाय दौरा निघत नाही, त्यामुळे गाडीवानाच्या कमाईच्या ऐन दिवसांत तंबू-राहुट्या वाहण्यासाठी त्याची गाडी वेठीस धरली जाई. वेठीचे भाडे कागदावर असे, पदरात क्वचित पडे. हैदराबाद संस्थानातील लोकांच्या मनात राजवटीविषयी जी अढी साचत गेली, तिच्यात या फुकटच्या खेपांचा वाटा मोठ्या जुलमांच्या मानाने लहान असेल, परंतु तो घरोघर पोचलेला होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान संपले. गाडीचे वर्ष मात्र पूर्वीचेच राहिले, ते बदलावयास दुष्काळ यावा लागला. १९७२ च्या त्या भीषण वर्षी हजारो माणसे, त्यांत अर्ध्याअधिक बाया, सुकडी खाऊन खडी फोडीत बसली. पोट भरण्यासाठी काढलेल्या त्या कामांतून पाझर तलाव झाले तसे रस्तेही झाले, आणि जी गावे पावसाळ्यात बेटासारखी तुटत असत त्यांच्यापर्यंत मुरूम पोचला. १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण राष्ट्रास अर्पण झाले. त्याचा डावा कालवा पाथरी, मानवत करीत परभणीपर्यंत येतो. कालव्यामागून ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले, आणि त्यांच्यामागून ट्रॅक्टर व त्याला जोडावयाची ट्रॉली आली. मधल्या काळात बैलगाडीने लाकडी चाक टाकून रबरी टायर चढविले. ही डनलॉपची गाडी दुप्पट ओझे ओढी आणि रस्ता फोडीत नसे. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारा म्हणून देशभर कंठशोष केला, कमिट्यांपुढे साक्षी दिल्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. पण ते पटेपर्यंत ट्रॉली दारात येऊन उभी राहिली होती.

ट्रॉलीची बेकारी ही निराळी जात. आजचा मालक एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून उसाच्या खेपा मारतो. नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चाके थांबत नाहीत, कारखान्याच्या गव्हाणीपुढे रांगेत रात्री निघतात, कापसाच्या रांगेत आजोबाच्या निघत होत्या तशाच. मग गळीत आटोपते. वैशाखात थोडी वाळू, विटा, मुरूम, एखादे वऱ्हाड. मृग लागला की सारे खलास, कारण हमरस्ता डांबरी असला तरी शेताची पाणंद अजून तीच काळी माती आहे आणि भरली ट्रॉली तीत आजोबाच्या गाडीपेक्षा खोल रुतते. जुनी गाडी चार महिने गोठ्यात पडली तरी तिला खाणे लागत नव्हते. तिचे कर्ज असलेच तर बलुत्याचे, जे सुगीला आपोआप फिटे. ट्रॉलीचा हप्ता आषाढातही येतो, श्रावणातही येतो. मातीने दिलेली सुटी फुकट होती, कारखान्याने दिलेली सुटी व्याजाची आहे, आणि प्रगतीचा हिशेब मांडणाऱ्यांनी हा रकाना बहुधा कोराच ठेवला आहे.

शिवाय या सुटीत मालकाला स्वस्थ बसताही येत नाही. आषाढ-श्रावणात कारखान्याशी वाहतुकीचा करार होतो, उचल हाती पडते, आणि ती घेऊन तो तोडणीची टोळी बांधण्यास मुकादमाच्या शोधात तांड्यांवर फिरतो. येथे इतिहास विचित्र वळण घेतो: ज्यांच्या पूर्वजांनी या मुलुखाचे सारे ओझे वाहिले त्या लमाणांची नातवंडे कोयत्याच्या हिशेबाने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, उचल घेतात आणि दिवाळीनंतर त्याच ट्रॉलीत भांडीकुंडी, पोरे, शेळ्या चढवून निघतात. पावसाळा घरी आणि कोरडे महिने वाटेवर, हा त्यांचा जुना क्रम टिकून आहे. पूर्वी बैल त्यांचे होते, आता चाक दुसऱ्याचे. उचल घेऊन टोळी ठरल्या वेळी आलीच नाही, किंवा दुसऱ्याच कारखान्यावर गेली, अशा तक्रारी दरसाल ठाण्यांत येतात, आणि ट्रॉलीमालक गावातल्या गावात हसे होऊ नये म्हणून त्यातल्या पुष्कळ दाबूनही टाकतो. टोळीची बाजू ऐकावी तर उचल अंगावर फिरत राहते, फिटत नाही. दोघेही खोटे बोलत नसतात.

भाद्रपदात परभणी-गंगाखेड रस्त्याच्या कडेने वेल्डिंगची दुकाने जागी होतात. सुतार-लोहारांची मुले तेथे पाटे बदलतात, हुकाला नवी पट्टी मारतात, गंजलेल्या पत्र्यावर लाल रंग चढवितात आणि मागच्या फळीवर मालकाच्या मुलांची नावे व चमकणारी पट्टी चिकटवितात. मजुरी रोख असते, निदान अर्धी. उरलेली अर्धी पहिल्या पंधरवड्याचे वाहतूक बिल निघाले म्हणजे. तोवर दसरा येतो, बॉयलरच्या अग्निप्रदीपनाची पत्रिका छापली जाते, आणि मालक टोळीच्या मुकादमाला सकाळपासून तिसऱ्यांदा फोन लावतो.