कुंभोजच्या डोंगरापायथ्याची शाळा आणि जेवणाची पंगत



कोल्हापूरपासून सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरवर, हातकणंगले तालुक्यात, कुंभोज गावाजवळ बाहुबलीचा डोंगर आहे. भगवान बाहुबलींची २८ फुटांची संगमरवरी मूर्ती तिथे १९६३ साली उभी राहिली. आपण जातो, दर्शन घेतो, भोजनशाळेत जेवतो आणि दिवस मावळायच्या आत परत निघतो. मूर्तीच्या तीस वर्षं आधीपासून तिथे एक शाळा आहे, याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. आज लिहायचंय ते त्या शाळेबद्दल. पण तिची गोष्ट शाळेपासून सुरू होत नाही, ती स्वयंपाकघरापासून सुरू होते.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या जैन शेतकऱ्याच्या मुलाला चार इयत्तांच्या पुढे शिकायचं तर कोल्हापूर गाठावं लागे. शाळेत प्रवेश मिळे, पण जेवायचं कुठे? खानावळीत रात्रीचं जेवण, कांदा-बटाटा, न गाळलेलं पाणी. आई म्हणणार, नको तुझं ते शिक्षण. ही अडचण ओळखली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेनं. सभा स्थापन झाली १८९९ साली, स्तवनिधीला. दोनच वर्षांत, १९०१ मध्ये, कोल्हापुरात जैन बोर्डिंग सुरू झालं. मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी त्याला मोठा हात दिला. त्याच वर्षी शाहू महाराजांच्या आश्रयानं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगही निघालं, आणि पुढे कोल्हापूर हे बोर्डिंगांचं गावच झालं. प्रत्येक समाजाचं वेगळं बोर्डिंग, याचं आज आपल्याला नवल वाटतं. पण त्या काळी बोर्डिंग वेगळं म्हणजे मुख्यतः चूल वेगळी.

या चुलीपाशीच पहिली ठिणगी पडली.

बोर्डिंगात एक विद्यार्थी होता, भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म १८८७ चा, कुंभोजचाच. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं, त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर सांगण्यात आलं, आधी अंघोळ कर, मग पंगतीला बस. विशीतल्या भाऊरावांनी नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. बोर्डिंगची सूत्रं तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. हे लठ्ठे काही जुन्या वळणाचे नव्हते बरं का! सत्यशोधक विचारांचे, पुढे शाहू महाराजांचं चरित्र लिहिणारे. तरी पंगतीचा नियम त्यांच्याही हातून सुटला नाही. भाऊरावांना शाहू महाराजांनी राजवाड्यावर ठेवून घेतलं.

या प्रसंगाचा विचार करताना मी दोन नियम वेगळे ठेवते. सूर्यास्तानंतर न जेवणं, पाणी गाळून घेणं, कंदमूळ वर्ज्य करणं, हे आपल्या अहिंसेतून आलेलं आहे. त्याला शास्त्राचा आधार आहे. पण माणसाच्या स्पर्शानं विटाळ होतो, हे आलं कुठून? समवसरणाचं चित्र आपल्या प्रत्येक मंदिरात असतं. सिंह आणि गाय शेजारी बसलेले असतात, तिथे कुणी अंघोळ करून या म्हणत नाही. विटाळ आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उसना आणला आणि घरच्या डब्यात आपलाच म्हणून भरून ठेवला.

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ पासून साताऱ्यात वसतिगृह चालवलं, सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारं. १९२७ साली गांधीजींनी ते पाहिलं आणि त्याला शाहू बोर्डिंग हे नाव मिळालं. पण रोज इतक्या मुलांना खाऊ घालणारे हात लक्ष्मीबाईंचे होते. कर्मठ जैन घरात वाढलेली ही बाई. तिनं सोवळं-ओवळं बाजूला ठेवलं, मुलांच्या धान्यासाठी एकेक दागिना घालवला, शेवटी मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्या गेल्या. कर्मवीरांचे पुतळे गावोगाव दिसतात. लक्ष्मीबाईंचं नाव मात्र मुलांना सांगावं लागतं. संस्थेसाठी मुष्टिफंडही असे: घरोघरच्या बायकांनी दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढायचं. म्हणजे ही शाळा बायकांच्या मुठीतून चालली, असं मी म्हटलं तर ते अलंकारिक नाही.

आता डोंगराच्या पायथ्याकडे येऊ. देवचंद कस्तुरचंद शहा, जन्म १८९१, करमाळ्याचे. तरुणपणी ते जयपूरला अर्जुनलाल सेठींच्या विद्यालयात राहिले होते. धर्म आणि देश दोन्ही शिकवणारी ती शाळा. तिथलेच सोलापूरकडचे मोतीचंद शहा १९१५ साली फाशी गेले. देवचंदांनी वेगळी वाट धरली. १९१८ मध्ये विदर्भात कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम काढला, आणि १९३४ मध्ये बाहुबलीला दुसरा. पुढे ते मुनी समंतभद्र म्हणून ओळखले गेले. स्तवनिधी, कारकल, वेरूळ अशा ठिकाणी त्यांच्या प्रेरणेनं गुरुकुलं उभी राहिली. १९८८ मध्ये बाहुबलीलाच त्यांनी देह ठेवला.

त्यांचा विचार सरळ होता. बोर्डिंगमध्ये मुलगा जेवतो जैन पद्धतीनं, पण शिकतो बाहेर. मग शिक्षण आणि आचार एकाच आवारात का असू नयेत? म्हणून पहाटे उठणं, प्रार्थना, देवदर्शन, स्वाध्याय, मग सरकारी अभ्यासक्रमाची शाळा, आणि आपली कामं आपल्या हातानं. दिवसाची घडी मात्र चूल ठरवते. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. शेकडो मुलांची ताटं त्याआधी उठायची, तर स्वयंपाक दुपारीच चढवायला हवा आणि शाळाही वेळेत सुटायला हवी. बटाटा नाही, कांदा नाही, म्हणजे मोठ्या पातेल्यातल्या भाजीचे दोन हमखास आधार गेले. उरलं भोपळा, दोडका, डाळ. चातुर्मासात घरच्या पाच माणसांसाठी आपल्याला रोज भाजीचा विचार करावा लागतो, तिथे तर वसतिगृह!

असं दुहेरी शिक्षण जगात आणखीही कुठे कुठे दिसतं. कॅनडा आणि अमेरिकेच्या माळरानावर हटराइट नावाचा ख्रिस्ती पंथ वसाहती करून राहतो. सोळाव्या शतकात युरोपात सुरू झालेला, शस्त्र न उचलणारा. मालमत्ता सगळ्यांची एक, जेवणघर एक, स्वयंपाक बायका पाळीपाळीनं करतात. मुलांना दोन शाळा असतात. दिवसा सरकारी अभ्यासक्रमाची इंग्रजी शाळा, शिक्षक बहुधा बाहेरून आलेला; तिच्या आधी किंवा नंतर जर्मन शाळा, धर्माची आणि पूर्वजांच्या भाषेची. जर्मन शाळेचा शिक्षकच मुलांच्या जेवणावरही देखरेख करतो. हे वाचल्यावर मला आपली पाठशाळा आठवली. फरक इतकाच की हटराइट मूल शिकून पुन्हा त्याच वसाहतीत राहील अशी अपेक्षा असते. बाहुबलीचा मुलगा मात्र शिकून इचलकरंजीला, पुण्याला, कुठेही जाणार हे धरूनच त्याला घडवलं जातं.

एक गोष्ट मात्र मला खटकत राहते. ब्रह्मचर्याश्रम म्हणजे मुलांचा. मुठीतलं धान्य देणाऱ्या घरातल्या मुली कुठे शिकल्या? त्यांच्यासाठी बायकांनाच उभं राहावं लागलं. माणिकचंद शेठजींची मुलगी मगनबाई तरुण वयात विधवा झाली आणि तिनं मुंबईत श्राविकाश्रम चालवला. सोलापुरात सुमतीबाई शहांनी तेच काम आयुष्यभर केलं. आपल्याजवळ सांगलीला कळंत्रे आक्कांच्या नावाचा महिलाश्रम आहे. सुरुवातीला यांच्या दारात येणाऱ्यांत विधवा आणि टाकलेल्या बायका बऱ्याच असत. मुलग्याला शाळेत घालायला तो मुलगा असणं पुरेसं होतं. मुलीच्या वाट्याला शाळा यायला आधी तिचं काहीतरी हरवावं लागे.

आता बाहुबलीच्या शाळेत आसपासच्या खेड्यांतली मुलंही शिकतात. पुढच्या वेळी दर्शनाला गेलात तर डोंगर उतरून थेट गाडीत बसू नका, शाळेच्या आवाराकडे एक फेरी मारा. थंडीच्या दिवसांत पाचच्या पुढे गेलात, तर मुलांच्या जेवणाची वेळ झालेली असेल.