वऱ्हाडचा दुष्काळ आणि सृष्टीचा धनी

महोत्सवाच्या आनंदांत उपकारस्मरण करावें हें योग्यच; परंतु त्याबरोबर एका कठीण प्रश्नासही सामोरें जावें, असें आम्हांस वाटतें. वारा व समुद्र प्रभूची आज्ञा मानतात, असें आपण शुभवर्तमानांत ऐकतों. मग वऱ्हाडांत पाऊस पडला नाहीं, तेव्हां ती सत्ता कोठें होती?

१८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोंच १८९९ सालीं पाऊस पुन्हा रुसला. ज्वारी करपली, विहिरी आटल्या, कडब्यावांचून गुरें मेलीं. १८९१ च्या खानेसुमारींत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारें २८ लाख ९७ हजार होती. १९०१ सालीं ती सुमारें २७ लाख ५४ हजार भरली. अमरावतीस स्वतंत्र धर्मप्रांत १९५५ सालीं मिळाला. त्या काळीं हा मुलूख १८८७ सालीं स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांताकडे होता. त्या दिवसांत येथील वेदीवरून पावसासाठीं झालेल्या प्रार्थना वायां गेल्या काय?

शास्त्रज्ञ ह्या अवर्षणाचें कारण सांगतात. १९०४ सालीं हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर यांनीं दूरदूरच्या महासागरांवरील हवेच्या दाबाचा परस्परसंबंध शोधून काढला. पॅसिफिक महासागराचें पाणी तापलें कीं आपला मान्सून पुष्कळदां दुबळा पडतो, हें आज सर्वश्रुत आहे. ह्या ज्ञानानें श्रद्धेस भिण्याचें कारण नाहीं. परमेश्वर सृष्टीतील कारणांच्या द्वारेंच कार्य करतो, असें संत थॉमस अक्वायनस यांनीं शिकविलें. आणि काळ्या मातींत पडलेल्या सरकींतून बोंड फुटणें हा नित्याचा म्हणून कांहीं लहान चमत्कार नव्हे.

अवर्षण म्हणजे आमच्याच पापाचें शासन, असें म्हणणारे भेटतात. शिलोहाचा बुरूज कोसळून जे मेले ते इतरांहून अधिक पापी होते, ही समजूत प्रभूनें स्वतः खोडून काढली. ज्या जिल्ह्यांत गेल्या कांहीं दशकांत कित्येक कास्तकारांनीं निराशेनें आपला अंत करून घेतला, तेथें असलें बोलणें केवळ चुकीचें नव्हे, तर निर्दयपणाचें होय.

तर मग सृष्टीवरील प्रभूच्या सत्तेनें श्रद्धा बळावते ती कशी? वादळांत प्रभू शिष्यांच्याच तारवांत होता. वादळ येणारच नाहीं, असें वचन त्यानें दिलें नव्हतें. पण तो त्यांना सोडून तीरावर राहिला नव्हता. रानांत लोक भुकेले झाले, तेव्हां त्यांना जेवूं घालण्याचें काम त्यानें प्रथम शिष्यांवरच सोंपविलें. आणि वाढलेली भाकर त्यांच्याच हातांनीं लोकांपर्यंत पोंचली. ज्याच्या हातीं सारी सृष्टी आहे, तो माणसाच्या हातांची अपेक्षा करतो, हें येथें ध्यानांत घ्यावें.

पंडिता रमाबाई आपल्या मंडळींतील नव्हत्या. तथापि त्यांचें उदाहरण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्यांचे आईबाप दुष्काळांतच गेले होते. त्या दुःखानें मन कठोर न होतां, १८९६-९७ सालीं त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि तेथील भुकेल्या मुलींना पुण्याकडे घेऊन आल्या. आभाळ मिटलें होतें, पण परमेश्वराची दया मिटली नव्हती. तिनें माणसाचे पाय घेतले होते.

पांचव्या शतकांत फ्रान्सांतील व्हिएन्न येथील बिशप संत मामेर्तुस यांनीं स्वर्गारोहणाच्या सणापूर्वीं तीन दिवस उपवास व मिरवणुकीनें प्रार्थना करण्याची चाल घातली. पुढें त्या दिवसांत शेतांसाठींही आशीर्वाद मागूं लागले. आपल्याकडे ते दिवस मृग नक्षत्राच्या आधींच येतात. ह्या महोत्सवाच्या वर्षीं आपल्या कास्तकारांनीं पेरणीपूर्वीं बियाणें वेदीपाशीं आणावें, अशी आमची विनंती आहे. पाऊस आला तर आपण आभार मानूं. न आला, तर ज्याच्या घरीं चूल पेटली नाहीं त्याच्या दारीं आधीं जाऊं, आणि मग पुन्हा प्रार्थनेस उभे राहूं. प्रभू आपल्या सर्वांच्या शेतांवर व अंतःकरणांवर कृपेची वृष्टि करो.