कल्याणच्या सुभेदाराची सून आणि वर्गातला एक प्रश्न

टेमघर हे भिवंडीहून कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव, आता शहरात मिसळलेले. मेट्रो मार्ग ५ च्या आराखड्यात ‘टेमघर’ आणि ‘दुर्गाडी किल्ला’ ही स्थानके चार-दोन थांब्यांच्या अंतराने येतात. १६५७ मध्ये शिवरायांनी आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी घेतली, ती याच टापूत.

‘सुभेदाराच्या सुने’ची गोष्ट इथल्या मुलांना निराळी सांगावी लागत नाही. लुटीसोबत आणलेली रूपवती, आणि तिला मातेसमान मानून सन्मानाने परत पाठवणारे महाराज.

नववीच्या इतिहासाचे पहिलेच प्रकरण ‘इतिहासाची साधने’. ते वाचून एखाद्या मुलीने विचारले, “ही गोष्ट प्रथम कोणी लिहिली? कधी?” तर?

समकालीन साधनांत हा प्रसंग आढळत नाही. तो उत्तरकालीन कथनांतून रूढ झाला. इथे काही शिक्षक प्रश्नच दडपतात, तर काही जण उत्साहाने ‘सगळे खोटे’ म्हणून मोकळे होतात. दुसरी चूक पहिलीइतकीच मोठी आहे. प्रसंगाला पुरावा नसणे, तो घडलाच नसणे आणि महाराजांचे स्त्रियांविषयीचे धोरण तसे नसणे, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत.

धोरणासाठी साक्षीदार आहे, तोही विरोधी पक्षातला. मोगलांच्या सेवेतला खाफीखान ‘मुन्तखब-उल-लुबाब’मध्ये शिवरायांना शिव्या मोजतो. तरीही तो नोंदवतो की मशीद, कुराण आणि स्त्रिया यांना उपद्रव देऊ नये, असा त्यांच्या सैन्याला सक्त नियम होता. ज्याला स्तुती करण्याचे कारणच नाही, त्याच्या कबुलीचे वजन भाटाच्या कवनाहून जास्त. मात्र तो लिहितो महाराजांच्या निधनानंतर काही दशकांनी. हेही मुलांनी वहीत टिपावे.

मग रांझ्याच्या पाटलाचे पत्र, जानेवारी १६४६ चे. हे अस्सल समकालीन. बाबाजी गुजर याची चौकशी झाली, आरोप खरा ठरला, हातपाय तोडण्यात आले, पाटीलकी गेली. हे पत्र स्त्रीरक्षणाचा पुरावा म्हणून सर्रास पुढे केले जाते. पण पत्रातला शब्द आहे ‘बदअमल’, म्हणजे गैरवर्तन. कोणाशी, कसे, ते पत्र सांगत नाही. स्त्रीवरील अत्याचार हा त्या शब्दाचा लावलेला अर्थ. संभाव्य, पण अर्थच.

आता गोष्ट, खाफीखान आणि पत्र शेजारी शेजारी ठेवून वर्गाला विचारावे: यांतले काळाने सर्वांत जवळचे कोणते? आणि आशयाने सर्वांत स्पष्ट कोणते? दोन्ही उत्तरे एकच येत नाहीत, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी मुले भांडत बसतात.