मंगोलांचा जावई

कोरिया म्हटलं की हल्ली मालिकाच आठवतात. पण गोर्यो घराण्याच्या गोंगमिन राजाची गोष्ट ऐकाच.

तेराव्या शतकात गोर्यो मंगोलांपुढे नमलं. तेव्हापासून राजपुत्रांनी मंगोल दरबारात ओलीस राहायचं आणि मंगोल राजकन्येशी लग्न करायचं, असा शिरस्ताच पडला. गोंगमिन १३४१ मध्ये तिकडे गेला, आणि १३५१ मध्ये नोगुक राजकन्येला घेऊन राजा म्हणून परतला. म्हणजे पक्का जावई!

पण या जावयाने मंगोल वेणी आणि पोशाख टाकून दिला. १३५६ मध्ये गी चोलला मारलं. हा मंगोल सम्राज्ञीचा भाऊ (ती मूळची गोर्योचीच!), त्याच जोरावर माजलेला. त्याच वर्षी ईशान्येचा, शंभरेक वर्षांपूर्वी गेलेला मुलूखही परत घेतला.

आणि नोगुक? ती नवऱ्याच्याच बाजूने. १३६३ मध्ये मारेकरी घुसले, तेव्हा राजा लपलेल्या खोलीच्या दारात ती जाऊन बसली. मंगोल राजकन्येवर हात कोण टाकणार? राजा वाचला.

१३६५ मध्ये ती बाळंतपणात गेली आणि राजा खचला तो खचलाच. तिचं चित्र स्वतः रंगवलं. कारभार शिन दोन या भिक्खूकडे दिला. त्याने बड्यांनी लुबाडलेल्या जमिनी परत करायला लावल्या, गुलाम सोडवले (काम चांगलंच होतं हो), पण १३७१ मध्ये राजानेच त्याला संपवलं. १३७४ मध्ये खुद्द राजाला त्याच्याच सेवकांनी मारलं.

उत्तर कोरियात केसोंगजवळ दोघांच्या समाध्या शेजारी-शेजारी आहेत. स्वतःची त्याने जिवंतपणीच बांधून घेतली होती.