संकेतस्थळ-निर्मितीच्या व्यावसायिक साधनांचे मूल्यमापन

संकेतस्थळ-निर्मितीच्या व्यावसायिक साधनांचे मूल्यमापन म्हणजे संकेतस्थळ उभारण्यासाठी विकत किंवा वर्गणीने घेतलेल्या सॉफ्टवेअरचा खर्च आणि त्यापासून होणारा लाभ यांची तुलना होय. संपादन-सॉफ्टवेअर, तयार थीम, प्लगइन, फॉन्ट, चित्रसंपादनाची साधने इत्यादींचा यात समावेश होतो. मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत एक निकष विशेष महत्त्वाचा ठरला आहे, तो म्हणजे साधन सोडल्यानंतरही त्यात तयार केलेला मजकूर वाचता येणे.

किंमत आणि एकूण खर्च

साधनाची किंमत हा एकूण खर्चाचा केवळ एक भाग असतो. शिकण्यास लागणारा वेळ, देखभाल आणि पुढे दुसऱ्या साधनाकडे वळताना येणारा खर्च त्यात मिळवावा लागतो. पूर्वी सॉफ्टवेअर एकदाच विकत घेतले जाई. ॲडोबी कंपनीने २०१३ मध्ये ड्रीमवीव्हरसह आपल्या प्रमुख साधनांच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले. वर्गणीमुळे सुरुवातीचा भार हलका होतो. मात्र वर्गणी थांबली की साधनही हातचे जाते. भारतात सॉफ्टवेअर सेवांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. वर्गणी डॉलरमध्ये असल्यास रुपयाच्या विनिमय दरानुसार ती कमीजास्त होते.

मराठीतील अनुभव

पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकची जिस्ट प्रणाली आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक कंपनीची श्रीलिपी यांसारख्या साधनांनी संगणकावर मराठी अक्षरजुळणी शक्य केली. त्या काळी तुल्यबळ मोफत पर्याय नसल्यामुळे मुद्रणालयांच्या व वृत्तपत्रांच्या दृष्टीने हा खर्च सार्थ होता.

तथापि भारतीय लिपींसाठी १९९१ मध्ये इस्की हे राष्ट्रीय मानक निश्चित झाले असतानाही बहुतेक फॉन्टची अंतर्गत संकेतावली वेगवेगळी राहिली. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. परिणामी विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठी मजकूर निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसे. छापील पानावर ही अडचण जाणवली नाही. आंतरजालावर मात्र ती ठळक झाली. शोधयंत्रांनाही असा मजकूर मराठी म्हणून ओळखता येत नसे.

युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ मध्येच झाला होता आणि विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह त्याचा आधार मिळाला. पुढे संकेतस्थळे युनिकोडकडे वळली, तेव्हा जुना मजकूर परिवर्तकांच्या साहाय्याने बदलावा लागला. रफार, ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरे यांत चुका राहत असल्याने मुद्रितशोधन पुन्हा करावे लागे. साधन घेताना न दिसलेला हा खर्च अनेक वर्षांनी भरावा लागला. जो मजकूर रूपांतरित झाला नाही, तो अस्तित्वात असूनही वाचकांच्या आणि शोधयंत्रांच्या आवाक्याबाहेर राहिला.

मुक्त पर्याय

‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांत भेद आहे. मोफत साधनाला पैसे पडत नाहीत. मुक्त साधन अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा अधिकारही देते. २००३ मध्ये आलेले वर्डप्रेस आणि मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. मुंबईच्या एक टाइप संस्थेचा ‘मुक्त’ आणि रेड हॅटने प्रकाशित केलेला ‘लोहित’ हे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याने मिळतात. ‘टिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे आढळतात.

मुक्त साधनांनाही खर्च असतो. होस्टिंग, डोमेन, सुरक्षा-अद्यतने आणि जाणकाराचा वेळ यांचे पैसे मोजावेच लागतात.

शासकीय वापर

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरच्या वापराचे धोरण जाहीर केले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या सामाईक मंचावर जिल्ह्यांची संकेतस्थळे तयार केली जातात. सेनगाव तालुक्यातील गोरेगाव ज्या जिल्ह्यात आहे, त्या हिंगोली जिल्ह्याचे संकेतस्थळही याच मंचावर असून ते मराठीत उपलब्ध आहे. सामाईक मंचामुळे प्रत्येक जिल्ह्याला स्वतंत्र साधने विकत घ्यावी लागत नाहीत.

मूल्यमापनाचे निकष

• मजकुराची सुटका: सर्व मजकूर युनिकोडमध्ये आणि सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता यावा.
• वेळेची बचत: वर्गणी वर्षाला १२,००० रुपये आणि कामाचा मोबदला तासाला ३०० रुपये धरल्यास, साधनाने वर्षभरात ४० तासांहून अधिक वेळ वाचवला तरच ते परवडते.
• मराठी आधार: ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ळ’ आणि ‘ॲ’ ही अक्षरे खरेदीपूर्वी तपासावीत. यांपैकी ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले.
• परवान्याच्या अटी: काही व्यावसायिक फॉन्टचे शुल्क पानांच्या भेटींवर ठरते, त्यामुळे वाचक वाढले की खर्चही वाढतो.
• टिकाऊपणा: ॲडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवला. त्यानंतर केवळ फ्लॅशवर आधारलेली पाने नेहमीच्या ब्राउझरमध्ये चालेनाशी झाली.