दारूचे कोठार आणि विजेचे कोठार

कलकत्त्याच्या मैदानातून हुगळीकडे जाऊ लागले की हिरवळीत दडून बसल्यासारखा फोर्ट विल्यम दिसतो. 1756 साली सिराजउद्दौल्याने जुना किल्ला घेतला, त्यानंतर दोन वर्षांनी या अष्टकोनी किल्ल्याचे काम सुरू झाले. त्यास आपल्या कोकणातील विजयदुर्गाचे नाव मिळाल्याचे 2025 च्या आरंभी जाहीर झाले. मराठी माणसाला ते ऐकून बरे वाटले असल्यास नवल नाही.

पण मला आज बोलावयाचे आहे ते कोठारांविषयी. किल्लेदाराला शत्रूइतकेच भय आपल्याच दारूचे असे. 1751 साली सिंहगडावरील दारूकोठारावर वीज कोसळली आणि फडणिसांचे घर माणसांसकट नाहीसे झाले. म्हणून जाणते बांधकामकार कोठाराच्या भिंती जाड ठेवीत. झरोके ठेवीत, पण ठिणगी सरळ आत येऊ नये अशा बेताने त्यांची वाट वाकडी करीत. आत अवजारे तांब्याची. नालाचे जोडे बाहेर.

1839 साली याच हुगळीत बुडालेले ‘इक्विटेबल’ जहाज सुरुंगाने उडविले गेले, आणि दारू पेटविली ती विजेच्या घटमालेने. त्या कामी साहाय्य करणारे डॉ. ओशॉनेसी कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत. पुढे 1851 साली त्यांचीच तार डायमंड हार्बरपर्यंत खुली झाली. तारेबरोबर घटमालाही कचेऱ्यांत शिरल्या. 1859 साली फ्रान्समध्ये प्लांते यांनी पुन्हा भरता येणारा शिशाचा घट सिद्ध केला, आणि विजेचे खरे कोठार जन्मास आले.

हे कोठार दिसावयास मोठे गरीब. पण भरणी पुरी होत आली की घटातील पाणी फुटून हायड्रोजन सुटतो. त्यास रंग नाही, गंध नाही. हवेत त्याचे प्रमाण शेकडा चार झाले की एक ठिणगी पुरे. तो हलका, म्हणून छताशी साचतो. बाहेरची वाट तेथेच, अगदी माथ्याशी हवी, आणि ताजी हवा खालून यावी. खिडकी आहे तेवढ्याने भागत नाही. जमीन गंधकाम्लाने न झिजणारी हवी आणि पाण्याचा नळ हाताशी हवा.

मी ज्या एका कचेरीत होतो तेथे कबुतरांचा उपद्रव म्हणून बॅटरीच्या खोलीचे वरचे झरोके फळ्या ठोकून बंद केले होते. रिकाम्या कोपऱ्यात जुन्या फायली. टिपणावर सही माझीही होती. एके दिवशी भरणी चालू असताना पान्याची ठिणगी पडली, एक घट फुटला आणि अम्ल मिस्त्रीच्या तोंडावर उडाले. दाराशी नळ होता, त्याखाली आम्ही त्याचे डोळे बराच वेळ धरून ठेवले, म्हणून दृष्टी वाचली. फळ्या त्याच संध्याकाळी निघाल्या. कबुतरांसाठी जाळी बसविली. तिला खर्च फार आला नाही.